तिसऱ्या वाफ्यातल्या नांग्या

गेल्या महिन्यात नंदुरबारच्या भाजीबाजारात एका बाईनं मला हाक मारली, "ताई, तीन नंबर ली ल्या. एक उकळीमा शिजस."

तीन नंबर म्हणजे काय ते मला आधी कळलंच नाही. तिच्यासमोर पोत्यावर वालपापडीचा ढीग होता. चपट्या, बोटभर लांबीच्या हिरव्या शेंगा, कडेनं बारीक जांभळी रेघ. मी एक शेंग उचलून मोडली. टच् असा आवाज झाला. मोडल्या टोकाला हिरवा, थोडा कडवट वास आला आणि भर बाजारात मला काही सुचेनासं झालं.

"हिला तीन नंबर का म्हणतात?"

"आते भाजीले नाव कोन ठेवस? रनाळानी शे. पहिलेपाईन तीन नंबरच म्हनतस."

मी अर्धा किलो घेतली आणि चालायला लागले. मिरचीच्या गोण्यांवरून येणारा खकाणा घशात गेला, शिंक आली, कुणीतरी "बाजूला व्हा" म्हणालं. मी कुठे उभी होते, कुणास ठाऊक. रनाळं या गावात एखाद्या शेंगेला 'तीन नंबर' म्हटलेलं मला फक्त एका जागी माहीत होतं. माझ्या वहीत. सतरा वर्षांपूर्वीच्या, निळ्या कव्हराच्या, कॉलेजच्या प्रयोगवहीत. आणि त्या वहीतल्या तीन नंबरला पांढरं फूल होतं. पांढऱ्या फुलाच्या पापडीला सहसा अशी जांभळी कड येत नाही.

माझ्या पर्समध्ये तेव्हा एक कागद घडी घालून ठेवलेला होता. मी कृषी खात्यात आहे, लोणखेड्याला राहते. मोलगीकडच्या बायकांच्या गटांना घेवड्याचं बियाणं वाटायचं होतं. दोन वाण समोर होते. एक भरपूर शेंग देणारा, पण शेंग जरा जाड, शिरा लवकर धरणारी. दुसरा चवीचा, कोवळा, पण तोड्याला हात आखडता घेणारा. मला एकाचं नाव लिहून सही करायची होती. तीन आठवडे तो कागद माझ्याबरोबर फिरत होता. उत्पन्न की प्रत? लोक मला विचारत होते, मी फाइलला विचारत होते. आणि आता ही जांभळी कड.

त्या वर्षी मी शेवटच्या वर्षाला होते. कॉलेजच्या नियमाप्रमाणे एका हंगामासाठी गावात राहून शेतकऱ्याच्या रानात प्रयोग करायचा असे. मला रनाळं मिळालं, आणि प्रयोग मिळाला घेवड्याच्या पाच वाणांचा. कॉलेजात त्याला घेवडा म्हणायचे, बाजारात वालपापडी, आणि ज्यांच्या घरी मी राहिले त्या इंदूमाय नुसतं 'शेंगा' म्हणायच्या. माझ्या घरी अम्मी त्यालाच सेम म्हणायची. एका भाजीची चार नावं तोंडात घेऊन मी एसटीतून उतरले. हातात ट्रंक, काखेत पाच कागदी पाकिटं. पाकिटांवर नाव नव्हतं, फक्त आकडे. एक, दोन, तीन, चार, पाच.

इंदूमाय तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील. उंच, सडसडीत, कपाळावर उन्हानं पडलेल्या आठ्या. मी कुणाची मुलगी, ते त्यांनी मला दारातच विचारलं, "कोननी आंडेर शे तू?"

मी अब्बूंचं नाव सांगितलं. नंदुरबारला आमचं गाद्या भरायचं दुकान. कापूस पिंजण्याचा आवाज आणि हवेत तरंगणारे कापसाचे तंतू, एवढंच माझं लहानपण.

"पिंजारी दादानी आंडेर का तू?" त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "तुन्हा बापनी भरेल गादी शे आमना घर. ये, तिन्हावरच बस."

मी खरंच अब्बूंच्या हातच्या गादीवर बसले. कडेचे टाके ओळखीचे होते. परक्या गावात, परक्या घरात, आपल्या बापाच्या सुईवर हात टेकून बसल्यावर जसं वाटायला हवं तसं वाटलं. नंतर चार महिने मी त्याच गादीवर झोपले.

श्रावण होता. दोन दिवसांनी घरात कानबाई देवी बसली. सगळं घर सारवलेलं, परातीत नैवेद्याच्या रोटांची कणीक, भाऊबंदांची ये-जा, ओट्यावर चपलांची रास. रोट भाऊबंदांबाहेर देत नाहीत. इंदूमायनं ते मला सरळ सांगितलं, "हाई तुले देता येवाव नही, बेटा. राग मानू नको." आणि मग बाजूच्या चुलीवर माझ्यासाठी वेगळ्या कणकेच्या पुऱ्या तळल्या. गोड बोलून टाळणं त्यांना जमत नसे. जे असेल ते तोंडावर. म्हणून पुढचं सगळं मला आजही नीट लावता येत नाही. असली बाई, आणि तिनं असं का केलं?

मळ्यात विहिरीजवळ आम्ही पाच वाफे पाडले. इंदूमायचे मालक आप्पा फार बोलत नसत. त्यांनी दोरी धरून सरळ रेषा आखून दिल्या आणि पाच काठ्या तासून दिल्या. मी डालड्याच्या डब्याचे पत्रे कापून त्यांवर रंगानं आकडे घातले आणि काठ्यांना बांधले. वारं आलं की पाचही पत्रे खणखण वाजत. त्या आवाजाला मळ्यातली साळुंखी उडून जाई आणि थोड्या वेळानं परत येऊन त्याच काठीवर बसे.

"पाच पाच काबर?" इंदूमायनं विचारलं. "खावाले एक पुरस ना."

"पाचांतलं चांगलं कोणतं, ते शोधायचंय."

"चांगलं म्हंजे? जास्तीनं का चवनं?"

"दोन्ही."

त्या हसल्या. दातात तंबाखूची मिसरी होती. "दोन्ही एक घरमा नांदतस का कधी?"

मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं होतं, नंतर खोडलं. प्रयोगवहीत असलं काही लिहायचं नसतं.

पेरणी झाली आणि पाऊस लागला. दिवसरात्र झिमझिम. तिसरा वाफा उताराला होता, तिथं पाणी साचून राहिलं. एक, दोन, चार आणि पाच नंबरमध्ये माती फोडून हिरवे अंकुर मान वर काढू लागले. तिसऱ्यात कुठंतरी दोन, कुठंतरी तीन. मधे सगळ्या नांग्या. बी न उगवल्यानं राहिलेल्या मोकळ्या जागांना नांग्या म्हणतात. मी बोटानं माती उकरून पाहिली. बी मऊ होऊन सडलं होतं, आंबूस वास येत होता.

मी घाबरले. आदल्या वर्षी एका विषयात मी नापास झाले होते. मामूंनी घरी येऊन अब्बूंना सांगितलं होतं, मुलगी पुन्हा अडकली तर शिक्षण पुरे, चांगली स्थळं काय रोज येत नाहीत. अब्बू कापूस पिंजत राहिले होते. म्हणजे त्यांनी होकार दिला होता की नकार, हेही मला कधी कळलं नाही. तिसऱ्या वाफ्याच्या पाकिटातलं बी संपलं होतं. दुसरं पाकीट मिळणार नव्हतं. चार वाणांचा प्रयोग म्हणजे अर्धवट प्रयोग.

संध्याकाळी मी ओसरीवर बसून रडले असणार. इंदूमायनं पाहिलं असणार. काय बोलल्या ते आठवत नाही. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर, मिरचीचा ठेचा आणि कच्चा कांदा त्यांनी पुढ्यात ठेवला, एवढं आठवतं. ठेच्यानंच डोळ्यांत पाणी आलं असं म्हणायची सोय झाली.

दुसऱ्या दिवशी खालाच्या मुलीच्या लग्नाला मला चार दिवस घरी जावं लागलं. नंतर गावाकडचा रस्ता पाण्यानं बंद झाला, म्हणून आणखी पाच. परत आले तेव्हा ऊन पडलं होतं. चिखलातून चप्पल हातात घेऊन मी मळ्यात गेले, आणि तिसरा वाफा भरलेला होता! लहान लहान, दोन पानांचे, हिरवेगार. बाकीच्यांपेक्षा थोडे बुटके, पण ओळीत.

"उशिरा उगवलं!" मी ओरडले.

विहिरीच्या काठावर कपडे धूत बसलेल्या इंदूमाय म्हणाल्या, "हा. उगनं."

त्यांनी मान वर केली नव्हती. साबणाचा फेस आणि कपड्याचा धप्प धप्प आवाज. मी तेव्हा आनंदात होते की मला तेव्हाच काही जाणवलं होतं? त्या क्षणाशी मी इतक्या वेळा परत गेले आहे, की आता तो झिजून गेला आहे. कधी त्यात इंदूमाय हसतात, कधी नाही.

पितरांचा पंधरवडा गेला, नवरात्र आलं. शेंगांच्या पानांना एक चिकट लव असते. ओळीतून चाललं की पानं परकराला धरतात, घरी येईपर्यंत कपड्यांवर हिरवे ठिपके. माझ्या बोटांना, ओढणीला, वहीच्या पानांना तो वास लागला होता. सकाळी दव असायचं. मी पट्टी घेऊन झाडाची उंची मोजायची, फांद्या मोजायची, लिहायची. बाकी वाफ्यांतली झाडं झुडपांसारखी, तिसऱ्यातली मात्र वेलासारखे हात लांब करायला बघत. त्यांचे शेंडे शेजारच्या वाफ्याकडे वळत. पण रोज मी मळ्यात पोचायच्या आधीच ते शेंडे खुडलेले असत. इंदूमायच्या शेळीच्या पुढ्यात मूठभर कोवळे शेंडे पडलेले असत, आणि त्यांच्या बोटांची टोकं हिरवी.

मी विचारलं नाही. का विचारलं नाही?

मग फुलं आली. पाकिटांबरोबर मिळालेल्या माहितीपत्रकात पाचही वाणांची फुलं पांढरी लिहिली होती. चार वाफ्यांत, वरवर पाहिलं तर, पांढरी आली. तिसऱ्यात इथे तिथे पांढरी, आणि बाकी सगळी जांभळी. हरखून जावं अशी जांभळी, कोवळ्या वांग्याच्या सालीसारखी. सकाळच्या उन्हात तो वाफा लग्नघरासारखा दिसायचा. मधमाश्या बाकीचे वाफे सोडून तिथेच.

मी त्या दिवशी वाफ्याशेजारी उकिडवी बसले होते. वही गुडघ्यावर. रकाना होता, 'फुलांचा रंग'. इंदूमाय पलीकडे गवत काढत होत्या.

"मावशी, ही जांभळी कशी हो?"

"जमीननी गंमत शे." विळा थांबला नाही. "इतलं काय देखस?"

जमिनीनं फुलाचा रंग असा बदलत नाही, हे मी तीन वर्षं शिकले होते. पेनाचं टोक रकान्यावर टेकवून मी बसून राहिले. किती वेळ, माहीत नाही. पत्रे वाजत होते. साळुंखी येऊन बसली, उडाली. मग मी लिहिलं, 'पांढरा'.

तो शब्द लिहिताना मी काय समजत होते? बी मिसळलं असेल, कॉलेजातच घोटाळा झाला असेल, सर विचारतील, मला उत्तर देता येणार नाही, असं काहीसं. की मला सगळं कळलं होतं? आजच्या मला विचाराल तर कळलं होतं. तेव्हाच्या मला विचाराल तर ती मान हलवेल, पण होय म्हणून की नाही म्हणून, ते तिलाही सांगता येणार नाही.

दिवाळीच्या आसपास तोडे सुरू झाले. अंगणात तराजू टांगला होता. पाच टोपल्या, पाच वजनं. पाच नंबरची शेंग जाड आणि जड, टोपली खाली जायची. पण दुसऱ्या दिवशी तिच्या शिरा दोरीसारख्या. एक नंबर कोवळा, पण टोपलीचा तळ झाकेल एवढाच. दोन आणि चार अधलेमधले. आणि तिसरा? शेंडे खुडून खुडून तो वाफा बुटका आणि गच्च फुटला होता. वजनाला पाचच्या मागोमाग, आणि शेंग अशी की नखानं मोडावी. कडेची जांभळी रेघ एवढी पुसट, की बघणाऱ्याच्या लक्षात येऊ नये.

सर पाहणीला आले तो दिवस थंडीचा होता. गावातले दहा-बारा शेतकरी, त्यांच्या बायका, सुरतेला भाजीची गाडी भरणारा एक व्यापारी. मी पहाटे मळ्यात गेले तेव्हा तिसऱ्या वाफ्यावर एकही फूल नव्हतं. काल संध्याकाळपर्यंत होतं. आता फक्त पानं, शेंगा, आणि देठांवर ताज्या खुडल्याच्या ओल्या खुणा.

दुपारी अंगणात पाच पातेल्यांत पाच भाज्या झाल्या. तीळ, शेंगदाण्याचा कूट, हिरवी मिरची, सगळं मोजून सारखं. पातेल्यांना आकडे. बायका बोटांनी चाखत होत्या, एकमेकींकडे बघत होत्या. पुरुषांनी आधी पाच नंबर म्हटलं, वजन बघून. व्यापारी म्हणाला, माल टिकायला हवा, पाच चालेल. मग एक म्हातारी पातेल्याचा तळ पुसून घेत म्हणाली, "तुम्हना पाच नंबर तुमीच खा. आमले तीन दखाडा." सगळे हसले. व्यापाऱ्यानं तीनची शेंग मोडून कानाशी धरली, आवाज ऐकला, आणि मान डोलावली.

सरांनी माझी वही सगळ्यांसमोर वाचून दाखवली. "उत्पन्न आणि प्रत, दोन्हींचा मेळ. तीन नंबर," ते म्हणाले. टाळ्या वाजल्या. मी इंदूमायकडे पाहिलं. त्या पातेली उचलत होत्या.

मला चांगले गुण मिळाले. नोकरीच्या मुलाखतीत त्या प्रयोगाबद्दल विचारलं, मी धडाधड सांगितलं. आज जी मी आहे, तिच्या पायाशी तो तिसरा वाफा आहे. आणि रनाळ्याला मी परत कधी गेले नाही. नंदुरबारपासून कितीसं आहे ते? गाडी त्या फाट्यावरून किती वेळा गेली असेल. दर वेळी मी खिडकीच्या दुसऱ्या बाजूला बघायची.

बाजारातल्या त्या दिवसानंतरच्या रविवारी मात्र मी गेले.

घर सिमेंटचं झालं होतं. इंदूमाय ओट्यावर ऊन खात बसल्या होत्या. आप्पा गेले, त्याला सहा वर्षं झाली होती. इंदूमायनं मला ओळखलं नाही. मी अब्बूंचं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं आणि बराच वेळ तो सोडला नाही.

"अब्बू कसा शेतस?"

"दुकान बंद केलं. आता रेडिमेड गाद्या येतात."

"हां," त्या म्हणाल्या. चहा आला. मी घोटभर घेतला आणि विचारून टाकलं, "मावशी, तिसऱ्या वाफ्यात बी तुम्ही टाकलं होतं ना?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलंही नाही. "हा, मीच टाकं. तू लगनले गयी व्हती. बी सडी गयं व्हतं. तू येशी नि रडशी, आसं वाटनं."

"कोणतं बी होतं?"

"वावरना बांधवर वेल व्हता. तठेनं."

"तो कुणी लावला होता?"

"कोनी लायं, देव जाने. आमना सासरानाबी पहिलेपाईन व्हता."

मला हसू येत होतं की रडू, कळत नव्हतं. ज्याचं कुळ नाही, गोत्र नाही, त्या वेलाला मी आकडा दिला होता, लांबी-रुंदी दिली होती, सरांनी त्याच्यावर सही केली होती.

"म्हणजे फक्त तिसऱ्या वाफ्यात, ना?"

त्या थांबल्या. कपाळावरच्या आठ्या गोळा झाल्या. "तिसरामा ते टाकंच. नि पाचवामा बी दोन-चार टाकं व्हतं वाटस. का चौथामा? नांग्या दिसन्यात का मी बी टाकत जाऊ. इतला वरीसनं कोन याद ठेवस, बेटा."

मी कप खाली ठेवला. म्हणजे पाच नंबरचं ते वजन? चारच्या त्या अधल्यामधल्या शेंगा? सतरा वर्षं मी एक खोटं धरून बसले होते आणि बाकीचं खरं आहे असं समजत होते. आता त्या खऱ्याचाही भरवसा उरला नाही.

"मग पुढच्या वर्षी काय झालं?"

त्यांनी सांगितलं. पुढच्या साली गावातल्या सात-आठ घरांनी तीन नंबरची पाकिटं आणून पेरली. कुणाचंही धड उगवलं नाही. उगवलं त्याची शेंग राठ. सगळे येऊन या ओट्यावर बसले, तुझ्या रानात आलं ते आमच्या रानात का नाही म्हणून. कुणी म्हणालं, इंदीनं जादा खत घातलं. कुणी म्हणालं, त्या पोरीनं वही रंगवली.

"तुम्ही काय म्हणालात?"

"काहीच नही. मन्हाकडे बठ्ठा वाफास्नं बी एक डबामा व्हतं. मी घरघर गयी, मूठ मूठ दिन्हं. सांगं, हाई जुनं तीन नंबर शे, हाई लावा. उगनं. मंग कोनी बोलनं नही."

सगळ्या वाफ्यांचं बी, एका डब्यात. म्हणजे बाजारात आज जी तीन नंबर विकली जाते आहे, ती बांधावरची, की पाकिटातली, की पाचव्या वाफ्यातली, की सगळ्यांची मिळून झालेली, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मी शास्त्र शिकलेली, तरी नाही.

मी मान खाली घातली. "मावशी, माझंही एक आहे. फुलं जांभळी होती. मी वहीत पांढरी लिहिलं."

"माले माहीत शे."

"कसं? तुम्हाला तर वाचता..."

"वाचता नही येत. पन ल्हेता ल्हेता तुन्हा हात थांबना व्हता. मंग एकदम घाईघाईमा ल्हेलं तू. तवय मन्हा ध्यानमा ऊनं, फूलमा काहीतरी शे. म्हनीसन सर येवाना आगोदर मी बठ्ठा फुलं खुडी टाकात."

ओट्यासमोर कुणाची तरी मिरची वाळत पडली होती. लाल पथारीवरून ऊन वर उठत होतं, हवा थरथरत होती. मी किती वर्षं समजत होते की हे माझ्या एकटीचं आहे.

"तुम्ही मला तेव्हा सांगितलं का नाही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. नवल होतं.

"तू बी ते सांगं नही."

मी निघताना त्यांनी मला शेंगांची पिशवी भरून दिली. नको म्हटलं नाही. घरी येऊन मी त्या निवडत बसले. काही शेंगांना जांभळी कड होती, काहींना नव्हती. मी दोन ढीग केले, मग ते एकत्र केले. मग पुन्हा दोन केले. शेवटी भाजी केली, आणि चव तीच आहे की नाही हे मला ठरवता आलं नाही. सतरा वर्षांपूर्वीची चव जिभेला आठवते, की मला ती आठवावीशी वाटते?

मोलगीचा बाजार शुक्रवारी असतो. त्या शुक्रवारी मी जीपनं वर गेले. धडगावच्या पुढे चढ लागला की कान बंद होतात, जीपमधली माणसं एकमेकांवर कलतात, टपावरच्या कोंबड्या ओरडतात. बाजाराच्या कडेला, मोहाच्या झाडाखाली गटाच्या बायका जमल्या होत्या. वीस-पंचवीस. काही चार-पाच मैल डोंगर उतरून चालत आलेल्या. गळ्यात सातपुड्यातल्या चांदीच्या जाड हासळ्या, घाम वाळलेले चेहरे, पायांवर धूळ. त्यांची बोली मला कळत नाही. गटाचं काम बघणारी सविता नावाची तरुण बाई मधे उभी राहून इकडचं तिकडे सांगत होती.

मी दोन्ही वाणांचं बी दोन पेपरांवर ओतलं. एकाचा दाणा मोठा, एकाचा बारीक. बायका खाली वाकल्या. बोटांनी दाणे फिरवले, दाताखाली धरून पाहिले, आपसात बोलल्या. बोलणं वाढत गेलं. मग ते थांबलं आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

सविता म्हणाली, "मॅडम, त्या विचारतायत, यातलं चांगलं कोणतं? तुम्ही सांगाल ते लावतील."

मला उत्तर येत होतं. फाइलीत तयार होतं. उत्पन्नाचे आकडे, प्रतीचे शेरे, शेवटी एक वाक्य. सतरा वर्षं मी अशी वाक्यं बोलत आले आहे आणि लोक माना डोलवत आले आहेत. मी तोंड उघडलं. त्या चेहऱ्यांकडे पाहिलं. त्यांच्या डोंगरात पाणी कुठं थांबतं, कुठल्या उतारावर बी सडतं, घरात म्हातारी काय चावू शकते आणि लेकरं काय खातात, यातलं मला काय माहीत होतं?

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

सविता गोंधळली. "काय सांगू त्यांना?"

"हेच सांग. मला माहीत नाही. खरंच नाही."

तिनं सांगितलं. झाडावरून एक पान गरगरत खाली आलं आणि बियांच्या पेपरावर पडलं. मग मागून कुणीतरी खुदकन हसलं, आणि ते हसू पुढे पुढे सरकत आलं. माझ्या अगदी पुढ्यात एक म्हातारी बसली होती, पोतं अंथरून. ती मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होती. माझे बूट, माझी पर्स, माझ्या हातातला सही न केलेला कागद. मग ती पोत्यावर थोडी सरकली, शेजारच्या जागेवर हातानं दोनदा थापटलं आणि काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" मी सविताला विचारलं.

"म्हणते, मग बस."

मी बसले.